पडद्यावरचे संत आणि नर्सीचे नामदेव



हिंगोलीत व्याख्यान आणि विषय जुने चित्रपट, हे ऐकून काही मंडळींना नवल वाटले असेल. हिंगोलीची ओळख दसऱ्याच्या उत्सवाने होते, औंढ्याच्या नागनाथाने होते, वसमतच्या हळदीने होते. चित्रपटाच्या इतिहासाची पाने उलटली तर तेथे नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई ही नावे भेटतात. आपल्या जिल्ह्याचे नाव त्यात शोधूनही सापडत नाही. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. आणि त्याआधी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात. स्टुडिओ, कंपन्या, भांडवल, वृत्तपत्रे यांचे जाळे येथे विणले जाण्याची परिस्थितीच नव्हती.

पण थोडे निराळ्या बाजूने पाहू. मराठी चित्रपटाने ज्या एका विषयात सर्वांत मोठी उंची गाठली तो विषय म्हणजे संतचरित्र. हे संत कुठले? एकनाथ पैठणचे. ज्ञानेश्वरांचे घराणे पैठणजवळच्या आपेगावचे. जनाबाई गंगाखेडची, गोरोबाकाका तेरचे आणि नामदेव येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या नर्सीचे. म्हणजे कॅमेरा पंचगंगेच्या आणि मुठेच्या काठी उभा राहिला. त्याने जे टिपले त्यातले बरेचसे मराठवाड्याच्या मातीतले होते. तेव्हा या विषयावर बोलण्याचा हिंगोलीचा अधिकार कोणापेक्षाही कमी नाही.

आयुष्यभर चित्रपट पाहत आलेला एक रसिक डोळ्यांसमोर आणा. असे रसिक प्रत्येक गावात एक-दोन तरी असतातच. त्याने पहिला चित्रपट यात्रेतल्या तंबूत, मातीवर बसून पाहिला. मध्ये कनात लावलेली, अलीकडे पुरुष, पलीकडे स्त्रिया, रीळ तुटले की शिट्ट्या. पुढे तालुक्याच्या थिएटरात, मग दूरदर्शनवर, मग भाड्याने आणलेल्या कॅसेटवर आणि आता नातवाच्या मोबाइलवर तो तेच चित्रपट पुन्हा पाहतो. नट, दिग्दर्शक, साल, गाणे, सारे त्याच्या जिभेवर असते. त्याची मते ठाम असतात आणि ती सांगताना तो कोणाची भीड ठेवत नाही. आजचे हे विवेचन अशाच रसिकाच्या नजरेने केलेले आहे. त्यातली काही मते पटतील, काही खटकतील. खटकली तर वाद घालावा. रसिकाला वादाचा आनंद चित्रपटाइतकाच असतो.

आरंभ अर्थातच दादासाहेब फाळक्यांपासून. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यामागची प्रेरणा मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक परदेशी चित्रपट पाहताना या त्र्यंबकेश्वरच्या माणसाच्या मनात विचार आला की आपले राम-कृष्ण असे पडद्यावर कधी दिसतील? हा प्रश्न हेव्यातून आलेला नव्हता. जे दुसऱ्याला साधले ते आपल्यालाही आपल्या साधनांनी साधले पाहिजे, ही त्यामागची जिद्द होती. घरचे किडूकमिडूक मोडून, पत्नी सरस्वतीबाईंच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी ते साधले. स्त्रीपात्र मिळेना तेव्हा अण्णा साळुंके या तरुणाला तारामती केले. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ साली आलेला परेश मोकाशींचा चित्रपट या साऱ्या उद्योगाची हसतखेळत ओळख करून देतो. ज्या घरांतून मुलांनी तो पाहिला नसेल त्यांनी आवर्जून दाखवावा.

मात्र मूळ ‘राजा हरिश्चंद्र’ आज संपूर्ण उपलब्ध नाही. त्याचा काही भागच उरला आहे. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले. तोवर कितीतरी रिळे जळून, कुजून वा चांदीसाठी वितळवून नाहीशी झालेली होती. आपल्या घरात आजोबांची पोथी जपली जाते, पण चित्रपट ही जपण्याची वस्तू आहे हे आपल्याला उशिरा कळले.

फाळक्यांच्या पुराणकथांत चमत्कार हा मोठा आकर्षणाचा भाग होता. देव प्रकट होतो, अदृश्य होतो, कालियाच्या फण्यावर बाळकृष्ण नाचतो. प्रेक्षक पडद्याला हात जोडीत. ते स्वाभाविकच होते. परंतु चमत्कार दाखविण्याची युक्ती एकदा सर्वांना साधली की पुढे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर ‘प्रभात’ने दिले.

प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झाली आणि १९३३ साली पुण्यात आली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी हे तिचे भागीदार. यातले बहुतेक बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दिला. त्यानंतर १९३५ साली शांतारामांचा ‘धर्मात्मा’ आला. एकनाथांची भूमिका खुद्द बालगंधर्वांची. चित्रपटाचे आधी ठरलेले नाव ‘महात्मा’. इंग्रजी राजवटीतल्या परीक्षकांना त्या नावात गांधीजी दिसले, अस्पृश्याला कवटाळणाऱ्या एकनाथांत चालू चळवळ दिसली, आणि नाव बदलावे लागले. चारशे वर्षांपूर्वीच्या संताची सरकारला एवढी धास्ती वाटावी, यातच त्या विषयाचे बळ कळते.

तरीही रसिकाचे मत विचाराल तर ‘धर्मात्मा’ हा आदराने पाहावा असा चित्रपट आहे. पुन्हा पुन्हा पाहावा असा नाही. बालगंधर्व हे रंगभूमीचे दैवत. परंतु कॅमेरा फार जवळ येतो आणि त्याला अविर्भाव नको असतो. ज्या कलावंताने उभे आयुष्य रंगमंचावर स्त्रीभूमिकांत घालविले, त्याला दाढी-मिशांतला शांत नाथ अंगावर घेताना अवघडल्यासारखे झाले असावे, असे पडद्यावर जाणवते. बालगंधर्व आणि ‘प्रभात’ यांचा संबंध पुढे टिकला नाही. गंमत अशी की पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने आणखी एका स्त्रीपार्टी नटाला संताची भूमिका दिली. त्याचे नाव विष्णुपंत पागनीस. आणि तेथे इतिहास घडला.

‘संत तुकाराम’ १९३६ साली आला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दामले ध्वनीचे जाणकार, फत्तेलाल कलादिग्दर्शक. ज्यांना ‘साहेबमामा’ म्हणत त्या शेख फत्तेलालांनी देहू उभे केले, ते इतके खरे की वारकऱ्यांनी तेथे पादत्राणे काढून पाऊल टाकावे. एका मुसलमान कलावंताच्या हातून देहूचे हे चित्र साकारले, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगावे असे आहे. पडद्यावरच्या तुकोबांच्या तोंडचा एक अभंग शांताराम आठवल्यांनी नव्याने रचलेला. तो इतका बेमालूम उतरला की जाणकारही गाथेत त्याचा शोध घेऊ लागले. अनुकरण आणि तादात्म्य यांतला फरक पाहायचा तर तो येथे पाहावा.

पागनीसांचा तुकाराम अभिनय करीत नाही, असे पुष्कळदा म्हटले जाते. ते खरे आहे आणि पुरेसे नाही. सालोमालो तुकोबांचे अभंग चोरून आपल्या नावावर खपवितो. भागवतांनी रंगविलेल्या या सालोमालोच्या हालचालींत, मुरडण्यात, लकबींत सारी नाटकी सामग्री ठासून भरली आहे. त्याच्या शेजारी पागनीसांचा साधा, थोडा पुढे झुकलेला, स्वतःशीच गुणगुणणारा तुकाराम उभा केला की खरे कोणते आणि खोटे कोणते हे सांगावे लागत नाही. दिग्दर्शकांनी नटाच्या मर्यादेलाच त्याचे सामर्थ्य केले.

परंतु या चित्रपटाचा खरा प्राण तुकाराम नव्हे. तो जिजाई आहे. गौरी नावाच्या ज्या स्त्रीने ही भूमिका केली ती नावाजलेली नटी नव्हती. स्टुडिओत किरकोळ कामे करता करता ती कॅमेऱ्यासमोर आली. तिची जिजाई कजाग आहे, कष्टाळू आहे, म्हशीवर जीव टाकणारी आहे आणि नवऱ्यावरही. तिचे भांडण तुकोबांशी नाही. ज्याने तिचा संसार उधळला त्या काळ्या विठोबाशी आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी आहे, आणि पेटून उठलेली ही बाई मुलाला घेऊन देवळात शिरते, वहाण हातात घेऊन देवाला जाब विचारते.

हा प्रसंग पाहताना सभागृहातले कोणी दुखावले गेल्याचे ऐकिवात नाही. का दुखावले जात नाही? कारण तिच्या त्या उगारलेल्या हातात नास्तिकता नाही. देव आहे, तो येथेच आहे, आणि तो ऐकतो आहे, याविषयी तिला तुकोबांइतकीच खात्री आहे. म्हणूनच तर ती त्याच्यावर हात उगारते. जे नाहीच त्याच्याशी कोण भांडेल? वारकरी परंपरेत देवाशी भांडणे हा भक्तीचाच प्रकार आहे. ते ज्यांना ठाऊक होते अशा माणसांनी तो प्रसंग रचला आणि ज्यांना ठाऊक होते अशा प्रेक्षकांनी तो पाहिला. आज एखाद्या दिग्दर्शकाने असे दृश्य घेतले तर काय होईल, याचा विचार आपण आपल्याशी करावा. परंपरा आतून माहीत असली की तिच्यात किती मोकळेपणा सापडतो, हे आपल्याच घरातल्या जुन्या मंडळींना अधिक ठाऊक होते असे म्हणावे लागते.

या चित्रपटात चमत्कारही आहेत. इंद्रायणीतून वह्या वर येतात, अखेरीस गरुड येतो आणि तुकोबा वैकुंठाला जातात. पण आठवणीत काय राहते? तुकोबा निघाले आहेत आणि जिजाई स्वयंपाकघरात गुंतली आहे. तिला संसाराबाहेर डोके काढायला सवड नाही. गरुडाचे उड्डाण आज एखाद्या शाळकरी मुलालाही युक्ती म्हणून ओळखता येते. मागे उरलेल्या जिजाईचा चेहरा मात्र तसाच आहे. त्या चेहऱ्यामुळे गरुडावरही विश्वास बसतो. घर खरे वाटले की स्वर्ग खरा वाटू लागतो, ही ‘प्रभात’ची किमया.

हीच कसोटी १९४० सालच्या ‘संत ज्ञानेश्वर’ला लावून पाहावी. दिग्दर्शक तेच, पटकथाकार तेच, संगीतकार तेच. तांत्रिक सफाई कितीतरी वरची. रेडा वेद बोलतो, भिंत चालते, आणि त्या काळी हे सारे पाहून लोक थक्क झाले. शाहू मोडकांचे ज्ञानेश्वर तेजस्वी दिसतात. तरीही हा रसिक दोन्ही चित्रपटांची बरोबरी मानायला तयार होत नाही. पूर्वार्धात, जोवर ती चार भावंडे वाळीत टाकलेली, निराधार, एकमेकांना धरून राहिलेली आहेत, तोवर डोळे ओले होतात. भिंत चालू लागली की आपण भिंतीकडे पाहतो आणि भावंडे मागे पडतात. चमत्कार पुढे आला की माणूस मागे सरकतो, हे त्याचे गाऱ्हाणे आहे. अनेकांना हे मत मान्य होणार नाही. घराघरांत ‘ज्ञानेश्वर’ अधिक पूज्य मानणारी मंडळी आहेत आणि त्यांच्या श्रद्धेला येथे हात लावायचा नाही. प्रश्न चित्रपटाचा आहे.

जाता जाता एक गंमत. ‘तुकाराम’नंतर पागनीसांना लोक तुकारामच मानू लागले आणि त्यांच्या वाट्याला संतांच्याच भूमिका आल्या. १९४० साली त्यांचा ‘नरसी भगत’ हा चित्रपट आला. नाव ऐकून आपल्या भागातल्या एखाद्याला वाटावे की हा आपल्या नर्सीचा! तो होता गुजरातचा नरसी मेहता. आपला नर्सीकर राहिलाच.

संतपटांबरोबर दुसरी एक मोठी धारा आहे, ती भालजी पेंढारकरांची. शिवकाल मराठी मनात ज्यांनी पडद्यावरून रुजविला त्यांत भालजींचे स्थान पहिले. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरचा त्यांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. माणूस खचला नाही; राखेतून पुन्हा उभा राहिला आणि पुढे ‘छत्रपती शिवाजी’, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’ असे चित्रपट त्याच्या हातून झाले. भालजी म्हटले की आपल्याला तलवारी, भगवा झेंडा आणि बाणेदार संवाद आठवतात. या रसिकाला मात्र सर्वांत प्रिय आहे १९६५ सालचा ‘साधी माणसं’. त्यात ना गड ना घोडे. एक लोहार, त्याची बायको, भाता, ऐरण आणि शहराने त्यांच्या संसारावर घातलेला घाला. ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत, जयश्री गडकरांचा तो ओढाताणीतला चेहरा. भालजींना राष्ट्र म्हणजे काय ते जितके शिवछत्रपतींच्या दरबारात दिसत होते तितकेच त्या लोहाराच्या खोपटातही दिसत होते, हे हा चित्रपट पाहिल्यावर उमगते. ‘साधी माणसं’ न पाहता भालजींवर बोलणाऱ्यांनी निम्मेच भालजी पाहिले आहेत.

१९५३ सालचा आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ हादेखील एका अर्थाने संतपटच. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला मिळाले. वनमाला आणि बाल माधव वझे यांच्या त्या चित्रपटात कोणताही चमत्कार नाही. पायाला माती लागू नये म्हणून हट्ट धरणाऱ्या मुलाला आई आपल्या लुगड्याच्या ओच्यावर पाय ठेवू देते आणि मनालाही तसेच जपायला सांगते, एवढेच. त्यातले रडणे थोडे जास्त आहे, हे खरे. अत्र्यांना आवरते घेणे कधी जमले? परंतु ती आई खरी आहे. परदेशी रसिकांना ज्या दर्जाचे चित्रपट अभिमानाने दाखवावेत अशांची यादी करायला बसले तर बंगालच्या ‘पथेर पांचाली’च्या आधी दोन वर्षे मराठीने एका दरिद्री घरातल्या आईची कथा सांगितली होती, हे नमूद करायला संकोच वाटू नये. दर्जात ‘पथेर पांचाली’ वरची, हे मान्य करायलाही संकोच नको.

आता आपल्या घराकडे वळू.

‘संत तुकाराम’ आला तेव्हा, म्हणजे १९३६ साली, हिंगोलीत राज्य निजामाचे होते. कचेरीची भाषा उर्दू, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमच उर्दू. मराठी उरली होती ती घरात, बाजारात, जात्यावर आणि कीर्तनात. दिंडी, एकादशी, भजनी फड यांच्या आधारे या मुलुखाने आपली भाषा सांभाळली. ती कोणा सरकारने सांभाळलेली नाही. आणि कीर्तनाच्या फडावर उभे राहून नाचण्याची परंपरा सुरू झाली ती नामदेवांपासून. मराठवाड्याच्या मराठीवर नामदेवांचे हे ऋण आहे. अशा पुरुषाला पडद्यावर काय मिळाले? त्यांच्यावर चित्रपट निघालेच नाहीत असे नाही. परंतु तुकोबा म्हटले की पागनीस दिसतात, तसे नामदेव म्हटले की कोण दिसते? डोळे मिटून पाहावे. कोणी दिसत नाही.

नामदेवांच्या जन्मस्थानाविषयी विद्वानांत वाद आहे. काही जण पंढरपूरचे नाव घेतात. वाद त्यांनी खुशाल घालावा. आषाढी आटोपल्यावर वद्य एकादशीला परतवारीसाठी नर्सीत जी गर्दी लोटते, तिला हा प्रश्न पडलेला नाही. कयाधूच्या काठी डोक्याला फेटा बांधलेले शीख यात्रेकरू उतरतात, तेव्हा तर हा संत केवढा दूरवर पोचला होता याची साक्षच पटते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदे आहेत. पंजाबातल्या घुमान या गावी त्यांचे स्थान आहे. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. सातशे वर्षांपूर्वी एक शिंप्याचा मुलगा पायी तेथवर गेला, तेथल्या लोकांच्या भाषेत गायला आणि त्यांचा झाला. एकात्मतेवर भाषणे पुष्कळ होतात. हा प्रवास कोणी दाखविला आहे काय?

मोठी अडचण चमत्कारांची आहे. नामदेवांच्या कथा म्हटल्या की लहान मुलाच्या हातचा नैवेद्य विठोबा जेवला, औंढ्याचे देऊळ फिरले, विसोबा खेचरांचे पाय जिकडे ठेवावेत तिकडे पिंडी. दिग्दर्शकाला मोह होतोच. आज तर संगणकावर वाटेल ते घडविता येते. देऊळ सावकाश गर्रकन फिरविता येईल, दगडाचा विठोबा घास घेताना दाखविता येईल. आणि मग प्रेक्षक संगणकाचे कौतुक करीत घरी जातील. १९३६ सालच्या गरुडाचे जे झाले तेच होईल, फक्त मागे जिजाई नसेल.

डेन्मार्कचे दिग्दर्शक ड्रायर यांनी १९२८ साली जोन ऑफ आर्क या फ्रान्सच्या संत मुलीवर मूकपट केला. त्यात तिला झालेले दृष्टान्त दिसत नाहीत, दिसतो तो तिचा चेहरा. तेवढ्यावर प्रेक्षक तिचा देव मानतो. नैवेद्याच्या प्रसंगातही तसेच करता येईल. बाप दामाशेटी गावाला गेलेला, आई गोणाईने ताट हातात दिलेले, पोर देवापुढे बसलेले. देव जेवत नाही. पोराला वाटते आपलेच काही चुकले. आता घरी काय सांगायचे? त्या मुलाच्या चेहऱ्यावरची ती भीती, तो रुसवा, ते रडे आणि मग एकाएकी उमटलेले हसू दाखवावे. ताट दाखवू नये. मोकळे ताट घेऊन मुलगा घरी येतो, गोणाई त्याच्याकडे पाहते आणि तिच्या मनात आधी संशय येतो की हा नैवेद्य पोरानेच खाल्ला! हा संशय आला की घर खरे झाले.

आणि घर म्हणाल तर नामदेवांच्या घरासारखे घर कुठल्या संताचे? तुकोबांकडे एक जिजाई. येथे गोणाई आहे, राजाई आहे, चार मुले, सुना, आणि जात्याशी बसलेली जनी आहे. परंपरेने सारेच घर अभंग रचणारे मानले आहे. गाथेत गोणाईचे आणि राजाईचे स्वर येतात. मुलगा देवाच्या नादी लागला म्हणून आईने विठोबाशी धरलेले भांडण येते, संसाराचे हाल सांगणारी राजाईची गाऱ्हाणी येतात. म्हणजे पटकथाकाराला जिजाई कल्पनेने घडविण्याचे कष्ट नाहीत. ती येथे आयती आहे आणि एक नव्हे, दोन आहेत. आई म्हणते माझा मुलगा परत दे, बायको म्हणते माझा नवरा परत दे, आणि दळण दळणारी दासी म्हणते की तो देव तर माझ्यासोबत जाते ओढतो. या तिघींमध्ये सापडलेला शिवणकाम सोडून बसलेला नामदेव. यापेक्षा मोठे नाट्य आणखी कोणते हवे?

औंढ्याचा प्रसंगही तसाच. देऊळ फिरल्याची कथा प्रत्येकाला ठाऊक आहे. फिरणारे देऊळ दाखविण्याची गरज काय? ज्यांनी औंढ्याला दर्शन घेतले आहे त्यांना तो गाभारा आठवेल. खाली उतरावे लागते, वाट अरुंद, वाकूनच जावे लागते. समईचा उजेड, ओलसर दगड, आणि त्या पिंडीवर पाय टाकून पडलेला एक म्हातारा. नुकताच संतमंडळींनी ‘कच्चे मडके’ ठरविलेला, अपमानाने पोळलेला, देवाचा लाडका म्हणून थोडा गर्वही असलेला तरुण नामदेव पायऱ्या उतरून खाली येतो. तो म्हाताऱ्याचे पाय उचलतो. ते पाय धरून तो उभा आहे आणि खाली कुठे ठेवावेत ते त्याला कळत नाही. कॅमेऱ्याने त्याच्या हातांपाशी थांबावे. सारे तत्त्वज्ञान त्या अडकलेल्या हातांत आहे. अशा जागेसाठी कुठल्याही कलादिग्दर्शकाला नेपथ्य उभारावे लागणार नाही. यादवकालीन शिल्पाचा, उद्ध्वस्त झालेला आणि अहिल्यादेवींच्या काळी पुन्हा सावरलेला तो वारसा तेथे उभाच आहे.

अलीकडे संतपटांना पुन्हा दिवस आले आहेत. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णींच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशींनी दुष्काळात होरपळलेला, माणूस म्हणून घडत जाणारा तुकोबा उभा केला. २०२५ साली दिग्पाल लांजेकरांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ आला. असे प्रयत्न चालू असताना नर्सीच्या वाट्याला काय येते याकडे येथल्या लोकांनी लक्ष ठेवले पाहिजे. कुणी निर्माता आलाच तर त्याच्या स्वागताला हारतुरे घेऊन धावण्याआधी त्याला परतवारीला बोलवावे. रात्री उघड्यावर झोपलेल्या वारकऱ्यांच्या मेळ्यात फिरवावे. येथली बोली त्याच्या कानांवर पडू द्यावी, नाहीतर नामदेव पुणेरी मराठीत बोलू लागतील आणि गोणाई शुद्ध प्रमाण भाषेत विठोबाला झापेल! ‘प्रभात’च्या जिजाईची भाषा आठवा, ती पुस्तकी असती तर वहाणेचा प्रसंग उभा राहिला असता काय?

एक गोष्ट सांगायची राहिली. ज्ञानेश्वरांचे चरित्र आपल्याला मुळात कळले ते कोणामुळे? ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या प्रकरणांत नामदेवांनी ते अभंगांतून सांगितले. १२९६ साली आळंदीला ज्ञानदेवांनी समाधी घेतली, त्या वेळची संतांची व्याकुळता, निवृत्तिनाथांचे अश्रू, शिळा लावताना फुटलेला हुंदका, हे सारे परंपरेने आपल्यापर्यंत आले ते या शिंप्याच्या शब्दांतून. ‘प्रभात’ने १९४० साली जे पडद्यावर आणले ते नामदेवांनी सहा शतके आधी पाहून ठेवले होते. त्या अर्थाने मराठीतले पहिले संतपट त्यांचेच. त्यांत भिंत कमी आहे आणि भावंडे जास्त आहेत. मित्राला निरोप देऊन पंढरपूरला परतलेला नामदेव, मग सारा पसारा मागे टाकून उत्तरेकडे चालू लागलेला नामदेव, आणि दाराशी उभी राहून त्याच्याकडे पाहणारी म्हातारी गोणाई. ही पुढची रिळे अजून कोणी भरलेली नाहीत.